कपावरचं वाक्य

८ नोव्हेंबरला, म्हणजे पुलंच्या वाढदिवशी, भाची संध्याकाळी ऑफिसातून थेट माझ्याकडे आली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कप काढून तिनं माझ्या हातात ठेवला. पांढरा कप. एका बाजूला पुलंचा हसरा चेहरा, दुसऱ्या बाजूला चार ओळींचं वाक्य आणि खाली लहानशी आडवी रेघ ओढून ‘पु. ल.’. “मावशी, तुझ्यासाठी मुद्दाम शोधून आणलाय,” ती म्हणाली. चहा तिनंच टाकला, त्याच कपात ओतून दिला. घोट घेता घेता मी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, मग कप फिरवून त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

वाक्य गोड होतं. आयुष्याविषयी होतं, माणसं जोडण्याविषयी होतं. पण ते पुलंचं वाटेना. ज्याचा आवाज आपण लहानपणापासून रेडिओवर, कॅसेटवर, पुस्तकाच्या पानावर ऐकत आलो, त्याची पावलं जिन्यावर वाजली तरी ओळखू येतात. ही पावलं परक्याची होती. पुलंना असं काही सांगायचं असलं की ते सहसा आपण होऊन पुढे येत नाहीत. अंतू बर्वा बोलतो, चितळे मास्तर बोलतात, हरितात्या बोलतात, आणि त्यांनाही उपदेश करायचा नसतो. सुपारी कातरता कातरता तोंडून काहीतरी निघून जातं आणि ऐकणाऱ्याच्या काळजात ते जन्मभर राहतं. कपावरचं वाक्य मात्र उभं राहून, घसा खाकरून बोलत होतं.

त्या रात्री मी ‘व्यक्ती आणि वल्ली’ काढलं. मग ‘गणगोत’, ‘मैत्र’, ‘गुण गाईन आवडी’. पुढे ‘अपूर्वाई’, ‘पूर्वरंग’, ‘असा मी असामी’, ‘बटाट्याची चाळ’. महिनाभर रोज जेवणं आटोपली की दिवा लावून बसायचे. वाक्य सापडलं नाही. भाचीला मी काही बोलले नाही. तिनं प्रेमानं आणलेली वस्तू होती, आणि तिच्या हातून चूक अशी काहीच झालेली नव्हती.

कप मी फडताळात दुसऱ्या एका कपाशेजारी ठेवला. तो दुसरा मी वीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर घेतला होता. जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्यामागे, पितळी दिव्यांच्या गर्दीत तो पडला होता. साय धरल्यासारखा पिवळसर रंग, कानाजवळ केसाएवढी चीर, आणि पोटावर डोक्यावरची हॅट तिरकी केलेला एक ऐटबाज पोरगा. बुडाशी सिंह, मुकुट आणि ‘रॉयल डोल्टन’ ही अक्षरं. दुकानदाराला तो पोरगा कोण हे ठाऊक नव्हतं. मला होतं, म्हणून घासाघीस न करता मी पैसे मोजले. तो सॅम वेलर. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला, सराईमध्ये बूट पुसणारा, मग पिकविकसाहेबांचा नोकर झालेला, जिभेला धार आणि काळजाला ओल असलेला सॅम.

डोल्टन कंपनीनं डिकन्सच्या पात्रांची ही भांडी १९०८ साली काढायला सुरुवात केली. डिकन्सला जाऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती, त्याच्या बहुतेक पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपलेला होता, त्यामुळे कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याच्या हयातीत, तो लिहीत असताना, रोजच्या रोज लंडनच्या रस्त्यांवरून चालत असताना ज्यांनी त्याच्या पात्रांवर पैसा केला, त्यांनीही विचारलं नव्हतं. ती हकिकत मी वाचली तेव्हापासून हे दोन कप मला एकाच घराण्यातले वाटू लागले.

१८३६च्या वसंतात चोवीस वर्षांचा हा बातमीदार पोरगा चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांसाठी ‘पिकविक पेपर्स’चा दरमहा एक हप्ता लिहू लागला. हिरव्या कागदाचं वेष्टन, किंमत एक शिलिंग. पहिल्या हप्त्याच्या जेमतेम ४०० प्रती बांधून झाल्या होत्या. दुसरा निघण्याआधीच चित्रकार रॉबर्ट सेमूर यानं आत्महत्या केली. प्रकरण तिथंच आटोपायचं. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर आला, आणि शेवटाला प्रतींचा आकडा ४०,००० वर गेला. पण खरा चमत्कार पुस्तकांच्या दुकानाबाहेर घडला. कापडवाल्यांनी पिकविक छिटं काढली. पिकविक टोप्या निघाल्या, पिकविक काठ्या, पिकविक कोट. वेलर नावाचं कॉर्डरॉय निघालं. डिकन्स तेव्हा ‘बॉझ’ या टोपणनावानं लिहायचा, तर बॉझ नावाच्या भाड्याच्या घोडागाड्या धावू लागल्या. स्वस्तातल्या चिरुटाला लोक ‘पिकविक’च म्हणू लागले. पात्राच्या नावावर लेखकाचा काही हक्क असू शकतो, ही कल्पनाच तेव्हाच्या व्यवहारात नव्हती. गोष्ट पुरी व्हायच्या आत रंगभूमीवर तिचं नाटकही लागलं, शेवट नाटकवाल्यांनी आपल्या मनानं केला.

आणि पेनी पिकविक. एडवर्ड लॉइड नावाच्या प्रकाशकानं ‘बॉझ’च्या जागी ‘बॉस’ असं लेखकाचं नाव टाकून, एका पेनीला एक असे हप्ते बाजारात आणले. चॅपमन अँड हॉल १८३७ साली न्यायालयात गेले आणि हात हलवत परत आले; दोन्हींत गल्लत व्हावी इतकं साम्य नाही, असं ठरलं. मी हे प्रथम वाचलं तेव्हा लॉइडचा संताप आला. नंतर मात्र मला त्या पेनीचा विचार सोडेना. एका शिलिंगाला बारा पेन्या. ज्याच्या खिशात बारा नव्हत्या आणि एकच होती, त्या कुणा गिरणीतल्या, कुणा गोदीतल्या माणसानं दिव्याजवळ बसून तो नकली पिकविक वाचला असेल, शेजाऱ्याला वाचून दाखवला असेल. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. चोरी चोरीच होती, पण ज्या भुकेवर ती चालली ती भूक खरी होती. हे दोन्ही मला एकाच वेळी मान्य करावं लागतं, आणि त्यातलं एक दुसऱ्याला पुसून टाकत नाही.

लेखकाला आतून काय होत असेल ते एका संध्याकाळच्या हकिकतीवरून कळतं. १८३८ साली लंडनच्या सरे थिएटरात ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चं असंच परभारे रचलेलं नाटक लागलं होतं. डिकन्स ते बघायला गेला. सोबत मित्र जॉन फॉर्स्टर होता, त्यानंच पुढे चरित्रात हे लिहून ठेवलं. पहिला प्रवेश चालू असतानाच डिकन्स खुर्चीवरून उठला, बॉक्सच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवा झाला आणि पडदा पडेपर्यंत तसाच पडून राहिला. सव्वीस वर्षांचा माणूस. समोर त्याचीच माणसं, त्याचीच नावं घेऊन, त्याची नसलेली वाक्यं बोलत होती. आपलं मूल दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे घालून, दुसऱ्याच्याच आवाजात बोलताना बघणं आईबापाला जसं सोसवणार नाही, तसं ते झालं असेल. पैशाचा हिशेब करत माणूस जमिनीवर आडवा होत नाही.

पुढे त्यानं लढून बघितलं. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ला निघालं, पहिली ६,००० प्रतींची आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली, आणि जानेवारीत एका स्वस्त साप्ताहिकानं तीच गोष्ट थोडी फिरवून छापली. डिकन्सनं दावा लावला, जिंकलाही. चोरांनी दिवाळं काढलं, आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्या अंगावर आला. कॅरलच्या त्या पहिल्या आवृत्तीतून त्याला २३० पौंड मिळाले होते. पुन्हा म्हणून त्यानं असा दावा लावला नाही.

भाची काही वर्षं लंडनला नोकरीला होती तेव्हा मी तिच्याकडे गेले होते. एका पावसाळी दुपारी तिनं मला डाउटी स्ट्रीटवरच्या ४८ नंबरच्या घरी नेलं. डिकन्स तिथं १८३७ ते १८३९ राहिला. १९२५पासून ते संग्रहालय आहे. पिकविकचा शेवट त्यानं याच घरात लिहिला. जिना अरुंद, पायऱ्या मधे झिजलेल्या. वरच्या एका खोलीत मी फार वेळ थांबले. त्या मजल्यावर ७ मे १८३७ला त्याची धाकटी मेहुणी मेरी होगार्थ वारली. सतरा वर्षांची. आदल्या रात्री सगळी नाटकाला जाऊन हसत परत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या हातांत गेली. तिच्या बोटातली अंगठी काढून त्यानं आपल्या बोटात घातली आणि जन्मभर उतरवली नाही.

त्या महिनाअखेरीला पिकविकचा हप्ता निघाला नाही. त्याच्या लेखनात असा खंड तोवर पडला नव्हता. बाहेर अफवा उठल्या: लेखकाला वेड लागलं, तो कर्जापायी तुरुंगात गेला, तो मेला. दुकानांत पिकविक टोप्या आणि पिकविक चिरूट खपतच होते. त्या खोलीत उभी असताना मला हे दोन्ही शेजारी शेजारी दिसले. एका बाजूला शहरभर विकली जाणारी हजारो वस्तूंची रांग, प्रत्येकीवर त्याच्या पात्राचं नाव. दुसऱ्या बाजूला एक साधी अंगठी, जिच्यावर काहीच छापलेलं नाही.

असाच त्याचा दुसरा एक ठेवा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्याची मांजर मेली, तेव्हा तिचा एक पंजा पेंढा भरून हस्तिदंती कागदकापणीच्या मुठीला बसवण्यात आला, आणि पात्यावर तिचं नाव आणि १८६२ हे साल कोरलं गेलं. मांजरीचं नाव बॉब. पुष्कळांना ही वस्तू बघून शहारा येतो. मला ती समजते. टेबलावर लिहीत बसलेल्या माणसाच्या हाताला ज्या पंजाची सवय होती, तो त्याला हाताशीच हवा होता. मृत्युपत्रात मात्र या माणसानं मित्रांना कळकळीनं बजावलं, की माझं स्मारक करू नका, मी माझ्या पुस्तकांतून उरेन तेवढा पुरे. इंग्लंडच्या सरकारी बँकेनं १९९२ साली त्याला दहा पौंडांच्या नोटेवर आणलं आणि मागे पिकविकमधला क्रिकेटचा सामना छापला.

त्या हिरव्या वेष्टनांची आज काय मिजास आहे! पिकविकचा मूळ हप्त्यांचा संच म्हणजे संग्राहकांच्या दुनियेतलं कैलासच. पण नुसते सगळे हप्ते असून भागत नाही. सेमूरनंतर थोडे दिवस आलेल्या बस नावाच्या चित्रकाराची दोन चित्रं तिसऱ्या हप्त्यात हवीत, कारण ती लगेच बदलली गेली. शीर्षकपानाच्या चित्रातल्या पाटीवर ‘वेलर’ नको, ‘व्हेलर’ हवं, कारण पहिल्या छपाईत ते तसं होतं. आणि मुख्य म्हणजे जाहिराती हव्यात. हप्त्याच्या मागेपुढे औषधांच्या, केसांच्या तेलांच्या, इतर पुस्तकांच्या जाहिरातींची पानं असायची. घरोघरच्या वाचकांनी शेवटचा हप्ता आल्यावर सगळं बाइंडिंगला दिलं, बाइंडरनं वेष्टनं आणि जाहिराती काढून टाकल्या, आणि जे कचऱ्यात गेलं तेच आज मोलाचं ठरलं. ज्यानं वाचलं त्याची प्रत उणी, आणि ज्याच्या कपाटात ती न हाताळता राहिली त्याची प्रत भारी. या हिशेबापुढे मी नेहमी थोडी गप्प होते. संग्राहकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळेच तो कागद टिकला. तरी ज्या घरात ती वेष्टनं फाटेपर्यंत पोरांनी हप्ता हिसकावून घेतला, त्या घरात मला जाऊन बसावंसं वाटतं.

आपल्याकडेही हेच झालं. आमच्या गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते आधी बाइंडरकडे जायचं. पुठ्ठ्याचं, रेक्झिनच्या कण्याचं बाइंडिंग व्हायचं आणि दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ कात्रणासारखं निघून जायचं. दलालांनी मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना जे रंग दिले, त्यातले किती रंग असे बाइंडरच्या सुरीखाली गेले असतील. आज एखाद्या जुन्या पहिल्या आवृत्तीला मुखपृष्ठ शाबूत असलं की रद्दीवाल्याचाही आवाज बदलतो.

माझ्याकडे ‘व्यक्ती आणि वल्ली’ची वडिलांची प्रत आहे. मुखपृष्ठ नाही, कणा खिळखिळा, पानं बिस्किटाच्या रंगाची. जुन्या पुस्तकांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि अगदी सभ्यपणे परत दिली. त्यांचं बरोबर होतं. त्यांनी मागचं कोरं पान बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तरी त्यांच्या लेखी तो डागच ठरला असता. तिथं वडिलांनी पेन्सिलीनं, प्रत्येक वाचनानंतर, तारीख आणि जागा लिहिली आहे. ‘चिपळूण स्टँड, गाडी दोन तास लेट.’ ‘ताईचं लग्न झालं त्या रात्री.’ ‘के.ई.एम., आईजवळ.’ अशा एकोणीस नोंदी. शेवटच्या नोंदीतलं अक्षर ओळीवरून खाली घसरलं आहे. के.ई.एम.च्या कॉटशेजारी बसून त्यांनी कुठली वल्ली वाचली असेल, हे मला सांगता येणार नाही, पण चितळे मास्तरांच्या पानावर चहाचा एक अर्धा गोल उमटला आहे आणि तो हॉस्पिटलमधल्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाएवढा आहे.

कपाचं गुपित शेवटी फुटलंच. भाचीला त्याच वाक्याचा दुसरा कप मैत्रिणीसाठी हवा होता, मला बरोबर चल म्हणाली, तेव्हा मी तिला सांगितलं. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, “आपण त्यालाच सांगू या.” आम्ही गेलो. स्टेशनजवळच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात मागे एक छोटं यंत्र. मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं आमच्यासमोर एक कप करून दाखवला. संगणकावर पुलंचा फोटो आणि वाक्य आरशातल्यासारखं उलटं केलं, खास शाईनं कागदावर छापलं. तो कागद मी हातात घेऊन पाहिला. ‘पु. ल.’ ही अक्षरं डावीकडे तोंड करून बसली होती, पुलंच्या केसांचा भांग दुसऱ्या बाजूला गेला होता, आणि तरीही हसू त्यांचंच होतं. कागद कपाभोवती घट्ट चिकटवून त्यानं तो यंत्राच्या तापल्या पट्ट्यात अडकवला. तीनेक मिनिटं. कागद सोलून काढला तेव्हा शाई वाफेसारखी कपाच्या लेपात उतरली होती आणि अक्षरं सुलटी झाली होती.

मी त्याला म्हटलं, “बाळा, हे वाक्य पुलंचं नाही रे, मला तरी त्यांच्या पुस्तकांत सापडलं नाही.” तो दचकला. “काय सांगता मावशी, सगळीकडे त्यांच्याच नावानं आहे.” मग हळू आवाजात म्हणाला, “आमच्या बाबांकडे ‘म्हैस’ची कॅसेट होती. घासून घासून संपली. म्हणून तर मी पुलंचे कप करायला घेतले, पहिले तेच केले.” खोटं बोलत नव्हता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “परवानगी घ्यायची तर कुणाची घ्यायची?”

मला येत होतं तेवढं मी सांगितलं. लेखक गेल्यावर आपल्या कायद्यानं साठ वर्षं हक्क राहतो. पुलं १२ जून २०००ला गेले, म्हणजे २०६० साल संपेपर्यंत त्यांच्या लेखनावर हक्क आहे, तेव्हा ज्यांच्याकडे तो आहे त्यांना आधी विचारायचं. फोटो ज्यानं काढला त्याचा हक्क आणखी वेगळा. तो लक्ष देऊन ऐकत होता, भाची मोबाइलवर टिपून घेत होती. बोलता बोलता मात्र मीच अडखळले. हे सगळं पुलंनी लिहिलेल्या वाक्यांना लागू. जे त्यांनी लिहिलंच नाही आणि तरी त्यांच्या नावावर घरोघरी फिरतंय, त्याच्यासाठी परवानगी कोण देणार आणि कोण नाकारणार? पेनी पिकविक निदान ‘बॉस’ नावानं तरी निघत होता. सरे थिएटरच्या बॉक्समध्ये जमिनीवर आडवं होण्यासाठी डिकन्स तरी जिवंत होता.

“मग मावशी,” तो मुलगा म्हणाला, “तुम्ही मला एक खरं वाक्य द्या. पुस्तकाचं नाव, पान नंबर सगळं द्या. विचारायचं त्यांना विचारतो, आणि हो म्हणाले की तेच छापतो. हे आजच बंद करतो.” आणि त्यानं खरंच आमच्यासमोर ती फाइल काढून टाकली.

घरी येऊन मी वडिलांची प्रत घेऊन बसले आहे. आज चौथी रात्र. अंतू बर्व्याचं एक वाक्य निवडलं, वहीत उतरवलं, आणि कोऱ्या पानावर ते एकटं बघितलं तर त्यातला अंतूशेठचा रत्नागिरीचा हेल गेला, त्याच्या आधीची शांतता गेली, ओटीवरची माणसं गेली. मग त्याच्या आधीचं वाक्य जोडून घेतलं. त्याला त्याच्या आधीचं लागतंच. असं मागे मागे जात मी प्रकरणाच्या पहिल्या ओळीशी येते आणि पुन्हा वाचायला लागते. चितळे मास्तरांचंही तसंच, नारायणाचंही. फडताळात दोन्ही कप शेजारी आहेत. मुलाचा नंबर भाचीनं कागदावर लिहून पुस्तकात ठेवलाय, एकोणीस नोंदींच्या पानाशी. अजून मी त्याला फोन केलेला नाही.